पूजेचा चेंडू

मित्रमेळ्याचा करंडक आपण कोणकोणत्या वर्षी जिंकला हे हयवदनरावांना तोंडपाठ होतं, पण त्यांच्या बायकोला, क्षमाला, त्यांतला एकही समारंभ धड आठवत नव्हता. कारण बक्षिसं वाटायची वेळ आणि उप्पिटाचं पातेलं उघडायची वेळ नेमकी एकच. ती नेहमी जेवणाच्या टेबलामागे, हातात पळी. टाळ्यांचा आवाज आला की समजायचं, आपले जिंकले. मग ती पळी पातेल्याच्या काठावर ठक्कन आपटायची आणि पुढच्या माणसाला वाढायची. तीच तिची टाळी.

जयनगर मित्रमेळा हे नाव ऐकून एखाद्याला भजनी मंडळ वाटेल. पण ही मंडळी भजन कमी आणि भटकंती जास्त करणारी. शहाजीराजांच्या काळात पोटापाण्यासाठी इकडे कन्नड मुलखात आलेल्या घराण्यांतली. घरात मराठी, दारात कन्नड आणि ऑफिसात इंग्रजी बोलणारी. त्यांच्या वर्षाचा क्रम ठरलेला असायचा. संक्रांतीनंतर नंदीचा डोंगर, रामनवमीच्या रविवारी गोल्फ, पावसाळ्यात शिवनसमुद्राचा धबधबा, दसऱ्यात पुन्हा गोल्फ आणि थंडीत मेलुकोटेला पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, खायला. देवदर्शन त्याच्या आगेमागे उरकायचं.

आता गोल्फसारखा साहेबी खेळ या वर्षात शिरला कसा? तर मेळ्याचे पहिले निम्मे सभासद यशवंतपूरच्या पलीकडे एका कारखान्यात नोकरीला होते, आणि त्या कारखान्याच्या वसाहतीत नऊ होलचं एक छोटं मैदान होतं. साहेब लोक गेले, मैदान राहिलं, आणि कारकुनांनी स्टिका हातात घेतल्या. धोतराचा काचा मारून गोल्फ खेळणारा सासरा क्षमाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तो तिचाच होता.

हयवदनराव त्या सासऱ्यांचे चिरंजीव आणि मेळ्याचे गोल्फ कप्तान. उंच, काटकुळे, आवाज खणखणीत. गोल्फच्या नियमांचं पुस्तक त्यांनी इतक्या वेळा वाचलं होतं की त्याला दोनदा नवी पुठ्ठाबांधणी करावी लागली होती. "नियम म्हणजे नियम" हे वाक्य दिवसातून एकदा तरी बोलले नाहीत तर त्यांना अन्न पचत नसे. हे घरातसुद्धा कॉफीचा दुसरा पेला मागण्याआधी पहिल्याची पोच देत असतील, असं लोक म्हणायचे. तसं नव्हतं, पण फार लांबही नव्हतं.

क्षमाला अभिमान वेगळ्याच गोष्टीचा होता. तिच्या बसचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सहलींचं सगळं काम तिच्याकडे होतं, आणि मेळ्याची बस कधी अर्धी गेली नाही, ही तिची मिजास होती. पण जुन्यांची मुलं परदेशी, जुन्यांचे गुडघे कुरकुरणारे. दर वर्षी दोन-चार खिडक्या मोकळ्या दिसायला लागल्या, तशी तिने कंबर कसली. बेळ्ळंदूरच्या बाजूला पुण्या-नागपूरहून आयटीत आलेली पोरं राहतात असं कळल्यावर ती गणपतीच्या आरतीला तिथे जाऊन थडकली आणि एकेकाला दंडाला धरून मेळ्यात घेऊन आली. त्यांतच नागपूरचा वेदांत, त्याची बायको शाल्मली आणि दुसरीतली त्यांची मैत्रेयी. दोन वर्षांत बस पुन्हा भरली. जयनगरला अर्धी, बेळ्ळंदूरला अर्धी. पहिल्या सीटवर बसून मागे वळून बघताना क्षमाची छाती फुगायची, आणि ती ते लपवायचीही नाही.

मग रामनवमीचा रविवार आला.

त्या दिवशी वेदांत असा खेळला की जुने लोक गुळाच्या पानकाचे पेले हातात धरून जागच्या जागी उभे राहिले. सगळ्यांत कमी फटक्यांत त्याने मैदान संपवलं. रिवाजाप्रमाणे हयवदनरावांनी त्याचं कार्ड सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं. सहाव्या होलचा आकडा आला तसा वेदांत स्वतःच म्हणाला, "काका, एक मिनिट. तिथे चार नाही, पाच हवे. लिहिणाऱ्यानं चुकून चार टाकले वाटते."

सगळे हसले. एक फटका वाढून पण पहिला तोच येत होता. हयवदनराव मात्र हसले नाहीत.

"खाली सही कुणाची?"

"माझीच ना काका. न वाचता केली."

"मग तू बाद. खेळलास त्यापेक्षा कमी आकड्यावर सही केली की माणूस बाद. पुस्तकात आहे."

"अहो, पण मीच सांगितलं ना!"

"सांगितलंस ते चांगलंच केलंस की. पण सहीच्या नंतर सांगितलंस. नियम म्हणजे नियम."

एवढ्यावर थांबलं असतं तरी लोक गिळून गेले असते. पण वेदांतच्या खालोखाल कोण होतं? खुद्द हयवदनराव. तेव्हा करंडक त्यांच्याकडेच आला. त्यांनी तो घेतलाही, दोन्ही हातांनी, ताठ मानेने. टाळ्या वाजल्या, पण जयनगरच्या बाजूने तेवढ्या वाजल्या. क्षमाला टेबलामागूनसुद्धा तो फरक ऐकू आला. बेळ्ळंदूरची मंडळी डाळीच्या कोसंबिरीच्या द्रोणाला हात न लावता गाड्यांत बसली, आणि जाताजाता कुणीतरी म्हणालं ते तिच्या कानांवर पडलं, "रेफरी पण तेच, विनर पण तेच. बढिया है."

पावसाळ्यात शिवनसमुद्राची बस निघाली ती अर्धी. बेळ्ळंदूरच्या थांब्यावर एकही माणूस उभा नव्हता. ड्रायव्हरने विचारलं, "स्वल्प थांबू का अम्मा?" क्षमा म्हणाली, थांबा. बस थांबली, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला, शेवटी तीच म्हणाली, सरी, ठीक आहे, चला. धबधबा नेहमीसारखाच धो-धो कोसळत होता. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला धारेवर धरलं. "जरा समजुतीनं घेता आलं नसतं का हो? पोर स्वतःहून बोललं होतं."

"म्हणून तर वाईट वाटलं मला," हयवदनराव म्हणाले. "पण वाईट वाटलं म्हणून नियम बदलत नाही."

"लोक म्हणतात, करंडकासाठी केलं."

त्यांनी तेलाची बाटली जवळ ओढली. मग म्हणाले, "लोकांना म्हणू दे. तू म्हणतेस का?"

"नाही."

"मग झालं तर." आणि ते गुडघ्याला तेल चोळायला लागले. गुडघा पार निकामी झाला होता. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं होतं, आणि डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की गोल्फ आता पुरे. दसऱ्याचा दिवस हा त्यांचा शेवटचा खेळ. शेवटचा करंडक मिळावा असं त्यांच्या मनात किती होतं, हे ते बोलले नाहीत, पण रोज संध्याकाळी गच्चीवर चटई टाकून चेंडू ढकलत बसायचे, त्यावरून दिसत होतंच.

श्रावणातल्या एका शनिवारी क्षमा डबाभर कोडबळी, म्हणजे इकडची कडबोळी, घेऊन बेळ्ळंदूरला निघाली. रिंगरोडवर एवढा वेळ लागला की तेवढ्यात मेलुकोटेला जाऊन पुळियोगरे खाऊन झालं असतं. वेदांतच्या फ्लॅटमध्ये मैत्रेयी जमिनीवर पालथी पडून गोल्फच्या चेंडूंवर मार्कर पेनने चित्रं काढत होती. प्रत्येक चेंडूवर एक नारिंगी गोळा आणि दोन हिरवी पानं.

"हे काय गं?"

"संत्रं. बाबांची खूण आहे. आम्ही नागपूरचे ना."

शाल्मलीने चहा दिला, पण तिचा चेहरा काही उघडेना. वेदांत मोकळा होता. म्हणाला, "काकू, करंडकाचं काही नाही हो. रूल तर रूल. मी नंतर गुगल करून पाहिलं, काका बरोबर होते. पण मला एकच सांगा, काकांच्या स्वतःच्या कार्डावर असं निघालं असतं तर?"

"तर ते बाद झाले असते."

"शुअर?"

क्षमाने चहाची कपबशी खाली ठेवली. हे उत्तर द्यायला विचार करायला हवा होता, पण तिने केला नाही. "हे बघ वेदांत, आमचे हे हट्टी आहेत, खडूस आहेत, बोलायला गोड नाहीत. पण दुसऱ्याला एक माप आणि स्वतःला दुसरं, असं त्यांनी जन्मात केलेलं नाही. तशी वेळ आली आणि ते चुकले, तर त्या दिवशी मीच मेळा सोडेन. तुमच्या आधी."

शाल्मली पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघायला लागली. "काकू, एवढं नका बोलू."

"बोलले आता," क्षमा म्हणाली आणि कोडबळ्यांचा डबा तिच्यापुढे सरकवला.

दसऱ्याला बेळ्ळंदूरहून सगळे आले.

दसऱ्याच्या गोल्फला मेळ्यात एक वेगळीच शोभा असते. आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. कारखान्यात यंत्रं पुजायची, घरी गाड्या पुजायच्या, मग ज्या स्टिकांनी वर्षभर खेळलो त्यांनी काय घोडं मारलंय? मैदानातल्या जुन्या क्लबहाउसच्या व्हरांड्याला केळीचे खुंट बांधतात, सगळ्या स्टिका भिंतीला ओळीने टेकवून त्यांना शेवंतीच्या माळा घालतात, बाहेर कोहळा फोडतात. आणि प्रत्येक खेळाडूचा एक कोरा करकरीत चेंडू तबकात ठेवून पुजतात. हा पूजेचा चेंडू आठ होल खिशात ठेवायचा आणि शेवटच्या होललाच काढायचा. जिंकणाऱ्याचा चेंडू नंतर धुऊन, चांदीच्या वाटीत घालून करंडकाशेजारी ठेवायचा. हा रिवाज क्षमाच्या सासऱ्यांनी घातलेला.

पूजा क्षमाची. चेंडू सगळे एकाच खोक्यातले, एकसारखे. ओळखण्यासाठी ज्याने त्याने आपली खूण केलेली. पण क्षमाला देवाचं काम अर्धंमुर्धं केलेलं खपत नाही. या वर्षी बेळ्ळंदूरचे लोक परत आले म्हणून तर तिचा हात जरा जास्तच मोकळा सुटला होता. तिने ओलं कुंकू दाट कालवलं आणि एकेक चेंडू असा माखला की सगळे सारखे लालभडक.

"अक्का, खुणा बुजल्या की," मेळ्याचे अध्यक्ष आप्पाजी म्हणाले.

"बुजू दे. नवमीचं कुंकू आहे. खेळ संपेपर्यंत कुणी पुसायचं नाही."

शेवटच्या जोडीत हयवदनराव आणि वेदांत समोरासमोर आले. आकडे लिहायला तिसरं माणूस हवं असा वेदांतचा हट्ट होता, आणि ते माणूस काकूच असावी हाही त्याचाच हट्ट. म्हणून कधी नव्हे ती क्षमा उप्पिटाचं पातेलं शाल्मलीवर सोपवून मैदानात चालली. नवऱ्याला खेळताना तिने इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. गुडघा आवळून बांधलेला, प्रत्येक पावलाला ओठ मिटलेले, पण स्टिक हातात आली की माणूस पंचविशीतला व्हायचा. ती मनातल्या मनात म्हणाली, बाई गं, हे मी इतकी वर्षं उप्पिटासाठी चुकवलं!

आठव्या होलला दोघे बरोबरीत होते. नवव्याला दोघांनी पूजेचे चेंडू काढले. दोघांचेही पहिले फटके उजवीकडे वळले आणि करंजाच्या झाडाखाली वाढलेल्या गवतात गेले.

हयवदनराव लंगडत आधी पोचले. गवतात एक लाल चेंडू दिसत होता. ते वाकले, आणि सवयीप्रमाणे खूण पाहण्यासाठी त्यांचा अंगठा चेंडूकडे गेला. मागून क्षमा ओरडली, "अहो, कुंकू पुसू नका! सणाचा दिवस आहे."

अंगठा थबकला. त्यांनी चेंडूकडे पाहिलं, मागे वळून तिच्याकडे पाहिलं. आणि चाळीस वर्षांच्या संसारात जे फारसं घडलं नव्हतं ते घडलं. नियमांच्या पुस्तकाने बायकोचं ऐकलं. "माझा इथेच पडला होता," ते म्हणाले आणि त्यांनी असा फटका मारला की चेंडू गवतातून उडून थेट झेंड्यापाशी जाऊन थांबला.

वेदांतला त्याचा चेंडू सापडलाच नाही. गवत पायाने चाळलं, मुळांत डोकावून पाहिलं, शेवटी एका फटक्याचा दंड घेऊन तो मागे गेला आणि दुसरा चेंडू मारून आला. तिथेच तो मागे पडला. हयवदनराव जिंकले. कार्डावर सही केली, आप्पाजींच्या हातात दिलं. वेदांतने वाकून त्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, "काय शॉट मारला काका. लाजवाब."

क्षमा चेंडू घेऊन क्लबहाउसमागच्या नळावर गेली. मन नुसतं तृप्त होतं. शेवटचा खेळ, शेवटचा करंडक, तोही निखळ, कुणी बोट दाखवू नये असा. आता डिसेंबरात मेलुकोटेची बस भरणार. तिने नळ सोडला आणि अंगठ्याने कुंकू चोळायला लागली. लाल पाणी ओघळलं, पांढरा चेंडू दिसायला लागला, आणि त्या पांढऱ्यावर एक नारिंगी गोळा आणि दोन हिरवी पानं.

हयवदनरावांची खूण म्हणजे दोन निळ्या रेघा. तिने चेंडू फिरवून फिरवून पाहिला. रेघ कुठे नव्हती. संत्रं मात्र जसंच्या तसं होतं.

तिने नळ बंद केला. म्हणजे गवतात सापडला तो वेदांतचा चेंडू होता. यांनी दुसऱ्याचा चेंडू मारला, आणि ते पोर आपला चेंडू शोधत राहिलं, दंड भरून हरलं. यांचा चेंडू अजून करंजाच्या मुळांत कुठेतरी कुंकू लावून बसला असणार. आणि हे सगळं कुणामुळे? अंगठा चेंडूवर जात होता. तो तिने अडवला होता.

आजूबाजूला कोणी नव्हतं. नवऱ्याची बॅग दोन पावलांवर भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या बाहेरच्या कप्प्यात निळ्या रेघांचे चार-पाच चेंडू होते, हे तिला ठाऊक होतं. बदलायला कितीसा वेळ लागतो? वाटीत चेंडू जाणार, वाटी कपाटात जाणार, कुणी बघणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने मूठ झाकलीसुद्धा. मग तिला बेळ्ळंदूरची कपबशी आणि तिथे दिलेला शब्द आठवला, आणि मुठीतला चेंडू जड वाटायला लागला. तिने पदराला हात पुसले आणि नवऱ्याला हाक मारली.

हयवदनराव आले. तिने मूठ उघडली. त्यांनी चेंडू घेतला, चष्मा कपाळावर ढकलून डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ पाहिला. त्यांना सांगावं लागलं नाही. नियम कोणता, शिक्षा काय, हे त्यांच्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक होतं?

"कुणी पाहिलं?" त्यांनी हळूच विचारलं.

क्षमा म्हणाली, "मी."

"आणखी?"

"आणखी कुणी नाही."

त्यांनी चेंडू खिशात घातला आणि वळून चालायला लागले. तिच्याकडे पाहिलं नाही. "अहो," ती म्हणाली, पण ते थांबले नाहीत.

ती जेवणाच्या टेबलामागे जाऊन उभी राहिली, कारण आणखी कुठे उभं राहायचं तिला सुचलं नाही. शाल्मलीने पळी तिच्या हातात दिली. "काकू, मीठ बघितलं हं मी. आणि मेलुकोटेला आमच्या तीन जागा धरा." क्षमा नुसती मान हलवत राहिली. डोक्यात एकच चाललं होतं. कुणी पाहिलं, हे कशाला विचारलं? हा प्रश्न या माणसाच्या तोंडचा नव्हताच. आणि हे गप्प बसले तर? तर आजच, इथेच, या पोरीला सांगायचं, मी शब्द दिला होता, मी चालले. इतक्या वर्षांची बस, नंदीचा डोंगर, ही सगळी माणसं, सगळं इथे या पातेल्याशेजारी ठेवून जायचं. जायला तर लागणारच होतं. पण त्याहून वाईट म्हणजे, संध्याकाळी घरी जाऊन याच माणसाला कॉफी करून द्यायची होती.

आप्पाजींनी नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या, आणि या वेळी दोन्ही बाजूंनी सारख्या वाजल्या. बेळ्ळंदूरची पोरं तर शिट्ट्या मारत होती. क्षमाने पळी आपटली नाही. हयवदनराव लंगडत पुढे गेले. आप्पाजींनी करंडक त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो घेतला. तिने डोळे मिटून घेतले.

"चेंडू आणा, वाटी रिकामी आहे," आप्पाजी म्हणाले.

"आणलाय," हयवदनरावांचा आवाज आला. "पण आधी ओळख पटू दे." क्षमाने डोळे उघडले. त्यांनी करंडक टेबलावर ठेवला होता आणि चेंडू दोन बोटांत धरून उंच केला होता. "नवव्या होलला मी हा चेंडू मारला. हा कुणाचा आहे?"

कुणाला काही कळेना. मग क्षमाच्या शेजारून शाल्मली मान उंच करून म्हणाली, "अहो काका, हे तर आमच्या मैत्रेयीचं संत्रं!"

"बरोबर. हा वेदांतचा चेंडू. मी दुसऱ्याचा चेंडू मारला, त्यावर होल संपवला, आणि कार्डावर सही करून मोकळा झालो. दुसऱ्याचा चेंडू मारणं ही चूक. ती सहीच्या आधी सुधारली तर दोन फटक्यांचा दंड. नाही सुधारली तर?" त्यांनी नेहमीसारखं सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि स्वतःच सांगितलं, "तर माणूस बाद. मी बाद. करंडक वेदांतचा."

वेदांत गडबडून उठला. "काका, जाऊ द्या ना. सण आहे. तुमचा लास्ट गेम आहे. चालते."

"चालत नाही!" हयवदनराव असे कडाडले की व्हरांड्यातल्या कुत्र्याने कान टवकारले. "रामनवमीला चाललं नाही, आज कसं चालेल? तुला एक पुस्तक आणि मला एक, असं आहे का?"

लोक हसले, पण जपूनच, कारण त्यांचा आवाज जरा कापला होता. त्यांनी चेंडू खाली घेतला. "आणखी एक सांगतो. अर्ध्या तासापूर्वी हा चेंडू माझ्या हातात आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला ठाऊक आहे? कुणी पाहिलं. एवढं वय झालं, एवढी वर्षं मी तुम्हाला नियम शिकवले, आणि पहिला शब्द हा. लाज वाटली मला. हा चेंडू जिने धुतला ती गप्प बसली असती तर मी आज तुमच्यासमोर चोर म्हणून उभा राहिलो असतो, आणि मला ते कळलंही नसतं. आप्पाजी, वाटीत घाला हा. जिंकलेला चेंडू आहे."

आप्पाजींनी चेंडू वाटीत ठेवला. वेदांतने करंडक घेतला. तो हसत होता. मग त्याची नजर माणसांवरून जेवणाच्या टेबलाकडे गेली. आजवर तो तिला काकू म्हणत आला होता. आज मेळ्यातले जुने लोक म्हणतात तसं त्याने हाक मारली.

"अक्का, तुम्ही म्हणाल्या होत्या."

"म्हणाले होते!" क्षमा मोठ्याने म्हणाली, आणि तिला एकदम भरून आलं. हा हट्टी, खडूस, काटकुळा माणूस तिचा होता. त्याच्याबरोबर ती धबधबे बघून आली होती, डोंगर चढून आली होती, आणि आज तो रिकाम्या हातांनी उभा होता तेव्हा त्याच्याइतकं उंच तिला दुसरं कुणी दिसत नव्हतं.

तिने पळी खाली ठेवली. टेबलाला वळसा घालून, खुर्च्यांमधून वाट काढत ती पार पुढे गेली, पहिल्या रांगेच्याही पुढे, आणि नवऱ्यासमोर उभी राहून तिने टाळी वाजवली. हात अजून कुंकवाने लाल होते. आधी तिची एकटीची टाळी वाजत होती, मग शाल्मलीची, मग सगळ्या मैदानाची. हयवदनराव ओशाळून म्हणाले, "अगं, मी हरलोय."

"माहीत आहे की," ती म्हणाली आणि वाजवत राहिली.

मागून कुणीतरी ओरडलं, अक्का, उप्पीट गार होतंय, रांग खोळंबली आहे. क्षमाने वळूनही पाहिलं नाही. "खोळंबू दे स्वल्प," ती म्हणाली.